नोंदीत दिसतंय, म्हणजे कुणी आत शिरलंय का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका गृहिणीने लिहिलं आहे. घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, आणि हंगामात हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकांना जातात. बुकिंगचे मेल, आंब्याच्या याद्या, पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती, सगळं माजघरातल्या विंडोज १० च्या कॉम्प्युटरवर असतं. जूनमध्ये त्यांनी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. पुढे भाचा आला, त्याने आतल्या नोंदी उघडून दाखवल्या, तर फसलेल्या लॉगऑनच्या शेकडो ओळी, आणि प्रत्येकीत १९२.१६८.१.७ हा पत्ता. कॉम्प्युटर मध्यरात्री दोनच्या सुमाराला आपोआप जागा होतो. माऊसचा बाण मधूनच उडतो. वायफाय वाडीतल्याच एका मुलाने बसवून दिला आणि राउटरचा पासवर्ड अजून त्यालाच माहीत आहे. यजमान म्हणतात पोलिसांत जाऊ. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, सगळं फॉरमॅट करून टाका. त्याचाच जुना लॅपटॉप यजमान ओटीवर बातम्या बघायला वापरतात, आंब्याची यादीही त्यावरूनच उघडतात. "गणपतीत घर भरेल. त्याआधी कळायला हवं, कोणी आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलंय का? आणि वायफाय बसवणारा तो मुलगाच असेल का?"

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट फार आवडली. तुम्ही पत्ता जसाच्या तसा उतरवून पाठवलात. बहुतेक पत्रांत "कॉम्प्युटर हॅक झालाय असं वाटतं" एवढंच असतं आणि त्यावर काय सांगावं कळत नाही. तुमच्या एका पत्त्यावरून बरंच सांगता येतं.

आधी त्या शेकडो ओळींचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिक्युरिटी' या भागात क्रमांक ४६२५ ची नोंद म्हणजे कोणीतरी, किंवा कशानेतरी, आत यायचा प्रयत्न केला आणि विंडोजने त्याला येऊ दिलं नाही. रात्री कुणी बेडं हलवून पाहिलं आणि आकडी लागलेली बघून परत गेलं, तर ते घरात आलं असं आपण म्हणत नाही. तुमच्या शेकडो ओळी दार बंद राहिल्याचा पुरावा आहेत. काळजी करायला लावणारी नोंद वेगळी असते, ४६२४ क्रमांकाची, म्हणजे लॉगऑन यशस्वी झाल्याची. तिचा विचार खाली करू.

आता पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. राउटर घरातल्या घरात जी उपकरणं जोडतो त्यांना तो हे पत्ते वाटतो. म्हणजे परदेशातल्या कोणा टोळीचा प्रश्न या नोंदींपुरता मिटला. प्रयत्न तुमच्याच वायफायवरून होतोय. इथे तुमचं मन लगेच त्या मुलाकडे गेलं, आणि ते स्वाभाविक आहे. पण तुमच्या वायफायवर काय काय जोडलेलं असतं ते आठवून पाहा. पाहुण्यांचे फोन, टीव्ही, प्रिंटर, आणि ओटीवरचा तो जुना लॅपटॉप. त्या लॅपटॉपवरून यजमान आंब्याची यादी उघडतात हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमचं उत्तर बहुधा त्याच वाक्यात आहे.

ही यादी माजघरातल्या कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असणार. ती उघडायला लॅपटॉपला कॉम्प्युटरचं नाव आणि पासवर्ड लागतो, आणि तो त्याने कधीतरी साठवून ठेवलाय. जूनमध्ये तुम्ही पासवर्ड बदललात. लॅपटॉपला ते कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून तो सुरू झाला, झोपेतून उठला, वायफायला जोडला गेला की जुनाच पासवर्ड पुढे करतो आणि दर वेळी एक-दोन ओळी लिहिल्या जातात. यजमानांना विचारा, जूनपासून यादी नीट उघडते का. "हल्ली उघडत नाही, मी फोनवरच बघतो" असं ते म्हणाले तर शंका जवळजवळ फिटलीच.

तरी अंदाजावर थांबू नका, खात्री करून घ्या. एखादी नोंद दोनदा क्लिक करून उघडा. खाली सरकलात की लॉगऑन टाइप दिसेल. ३ असेल तर प्रयत्न नेटवर्कवरून झाला, २ असेल तर समोर बसून कीबोर्डवरून. वर्कस्टेशन नेम या ओळीत बऱ्याचदा प्रयत्न करणाऱ्या यंत्राचं नावच असतं. आणि सब स्टेटस नावाचा एक लांबलचक आकडा असतो, त्याची फक्त शेवटची दोन अक्षरं बघा. शेवट ६ए असेल तर वापरणाऱ्याचं नाव बरोबर होतं, पासवर्ड चुकला. शेवट ६४ असेल तर त्या नावाचं खातंच तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. जुना लॅपटॉप असेल तर ६ए दिसणार, आणि नाव दर वेळी तेच. कोणी अंदाजाने नावं घालून बघत असेल तर ६४ ची रांग दिसते, त्यात 'ॲडमिन', 'टेस्ट', 'युजर' अशी दरवेळी वेगळी नावं.

मग एक साधी परीक्षा. लॅपटॉप एक अख्खा दिवस आणि रात्र पूर्ण बंद ठेवा. नुसतं झाकण मिटू नका, शटडाउन करा. दुसऱ्या सकाळी नोंदी बघा. थांबल्या असतील तर लॅपटॉप सुरू करून कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये माजघरातल्या कॉम्प्युटरच्या नावासमोरचा जुना पासवर्ड काढून नवा घाला. विषय संपला. थांबल्या नसतील तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ते ब्राउझरमध्ये उघडतं) जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे १९२.१६८.१.७ समोर कोणाचं नाव आहे ते बघा. मात्र ज्या वेळी नोंद पडली त्याच सुमाराला बघा. राउटर हे पत्ते फिरवून देतो. आज सात क्रमांक लॅपटॉपचा असेल, तर आठवड्याने एखाद्या पाहुण्याच्या फोनचा असू शकतो. असल्या फिरत्या आकड्यावरून माणसाचं नाव घेणं धोक्याचं आहे.

आणि म्हणूनच त्या मुलाबद्दल मनापासून सांगते. खात्री होईपर्यंत त्याचं नाव यजमानांपलीकडे कोणाजवळही काढू नका. वाडी लहान असते. आज शंका बोललात आणि उद्या लॅपटॉप सापडला, तरी बोललेलं परत येत नाही. त्याची आई तुम्हाला देवळात भेटणार आहे, गणपतीत आरतीला तो तुमच्याच घरी येणार आहे. त्याच्याकडे पासवर्ड आहे याचा अर्थ त्याने तो वापरला असा होत नाही. वायफाय बसवणाऱ्या प्रत्येकाकडे तो असतो.

पण पासवर्ड बदलायला शंका असावी लागत नाही. तो तुम्ही बदलाच, आणि उघडपणे बदला. "पाहुणे येतात-जातात, म्हणून यंदापासून हंगाम संपला की सगळे पासवर्ड बदलायचे ठरवलंय" एवढं त्याला सांगितलंत तरी पुरे. पासवर्ड दोन असतात हे लक्षात ठेवा. एक वायफायला जोडायचा, जो तुम्ही खोलीत कागदावर लिहून लावला असेल. दुसरा राउटरच्या आतल्या पानाचा. हा दुसरा अनेक घरांत कंपनीने घातलेलाच राहतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते अशाच न बदललेल्या कारखान्यातल्या पासवर्डांच्या एका छोट्या यादीच्या जोरावर. त्यात कोणाचं वैर नव्हतं. प्रोग्रॅम एकेक पत्ता तपासत पुढे जात होता.

राउटरच्या मागचं रीसेटचं बटण मात्र घाईने दाबू नका. इंटरनेट जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असेल तर तोही पुसला जातो, आणि मग माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद. आतल्या पानावर गेलात की आणखी तीन गोष्टी बघून घ्या: रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर चालवायची सोय) बंद, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न घालता बटण दाबून वायफायला जोडायची सोय) बंद, आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून थेट घरातल्या यंत्रापर्यंतच्या वाटांच्या) यादीत तुम्ही न सांगितलेलं काही नाही. तिथे ३३८९ हा आकडा दिसला तर तो काढून टाका. विंडोज दूरवरून चालवायचा तो मार्ग आहे आणि जगातले भामटे रोज तोच शोधत असतात. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' सुरू करता येत असेल तर ते करा. पाहुण्यांना इंटरनेट मिळेल, पण माजघरातला कॉम्प्युटर त्यांना दिसणार नाही. तुमच्या घरात आत्ता जे खरं भोक आहे ते हेच. मे महिन्यात आलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाचा फोन आणि तुमची आधार कार्डं एकाच नेटवर्कवर होती.

रात्री दोन वाजता जागा होण्याचं कारण बहुधा साधं आहे. विंडोज आपली स्वतःची देखभाल करायला ठरवून दिलेली वेळच पहाटे दोनची असते. इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टम' भागात पॉवर-ट्रबलशूटर नावाची नोंद शोधा, तिच्यात 'वेक सोर्स' म्हणून कशाने जाग आली ते लिहिलेलं असतं. त्याच भागात ४१ आणि ६००८ क्रमांकाच्या लाल नोंदी भरपूर दिसतील, त्यांनी दचकू नका. कॉम्प्युटर नीट बंद न होता बंद पडला एवढाच त्यांचा अर्थ. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जेवढ्या वेळा जाते तेवढ्या त्या असणारच. बाण उडण्याचंही तसंच. तो नुसता थरथरत किंवा उड्या मारत असेल तर दमट हवा, ओला पॅड, माऊसखालची चकचकीत टेबलाची काच, अशी कारणं बघा. कोणी चालवत असेल तर बाण सरळ जातो, बटणावर थांबतो, क्लिक करतो, खिडकी उघडते. तसं एकदा जरी दिसलं तरी वायफाय लगेच बंद करा.

आता ४६२४ कडे येऊ. ही नोंद उघडलीत तर हजारो दिसतील आणि त्यातल्या बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या सेवांच्या असतील, टाइप ५, खातं 'सिस्टम'. त्या सोडून द्या. बघायचं ते हे: तुमच्या नावाने, तुम्ही झोपलेल्या वेळी, टाइप १० ची नोंद आहे का? टाइप १० म्हणजे दूरवरून पडदा उघडून कोणी बसलं. किंवा टाइप ३ ची, तुम्ही न ओळखणाऱ्या पत्त्यावरून? शिवाय दोन आकडे शोधा. ४७२० म्हणजे कॉम्प्युटरवर नवं खातं तयार झालं. ११०२ म्हणजे कोणीतरी या सगळ्या नोंदीच पुसल्या. ती एकटी दिसली तरी मी बाकीचं बाजूला ठेवून तिच्या मागे लागेन, कारण घरच्या कॉम्प्युटरवर नोंदी पुसायचं कोणाला सुचत नाही. इतर वाचकांसाठी एक सूचना: नोंद कोरी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. काही कॉम्प्युटरवर फसलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवणं बंद असतं, आणि जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९८६ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने तो सोडून न देता माग काढला आणि तो पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका घुसखोरापर्यंत पोचला. पुढच्याच वर्षी डोरोथी डेनिंग यांनी घुसखोरी ओळखण्याची पद्धत शोधनिबंधात मांडली. प्रत्येक वापरणाऱ्याचा नेहमीचा शिरस्ता आधी नोंदवा, मग त्याला सोडून काय घडतंय ते बघा. आजही मोठमोठ्या यंत्रणा याच पायावर उभ्या आहेत. तुम्हाला ते घरी सहज जमेल. काही बिघडलेलं नसताना एका दिवशी वहीत लिहून ठेवा: कॉम्प्युटरवर खाती कोणती, सुरू होताना कोणते प्रोग्रॅम चालू होतात (टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप'), राउटरला किती उपकरणं जोडलेली असतात. आंब्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायला नको. पुढच्या वेळी शंका आली की वही उघडायची आणि ताडून बघायचं.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तुम्ही कॉम्प्युटरकडे बघताय. पण तुमचा व्यवहार मेलवर चालतो, आणि मेलमध्ये शिरायला कोणाला माजघरात यावं लागत नाही. बुकिंगचा मेल कोणी वाचला, पाहुण्याला तुमच्या नावाने "आगाऊ रक्कम या क्यूआर कोडवर पाठवा" असं कळवलं, तर पैसे पाहुण्याचे जातील आणि नाव तुमचं. म्हणून आज संध्याकाळीच हे करा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डिटेल्स' असतं, ते दाबा. कुठून आणि कशावरून मेल उघडला गेला त्याची यादी येईल. मग सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' ही दोन पानं बघा. तुम्ही न लावलेला एखादा फिल्टर, उदाहरणार्थ 'पेमेंट' शब्द असलेला मेल अमुक पत्त्यावर पाठवून इथून पुसून टाक, असा दिसला तर ती घुसखोरी आहे, आणि नुसता पासवर्ड बदलून ती जात नाही. फिल्टर हाताने काढावा लागतो. यानंतर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा.

दुसरं, कॉम्प्युटरवर ॲनीडेस्क, टीमव्ह्यूअर असं काही आहे का? भाच्याने किंवा तुमच्या मुलाने मदतीसाठी टाकलं असेल, तर काम झाल्यावर काढून टाका. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच ॲनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. ते ॲप स्वतः वाईट नाही. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज येतो, पलीकडचा माणूस असं ॲप टाकायला सांगतो, आणि आपणच त्याला नऊ आकडी क्रमांक वाचून दाखवतो. अशा वेळी ४६२५ ची एकही ओळ पडत नाही.

पोलिसांचं म्हणाल, तर आज तक्रारीत लिहिण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. परवानगीशिवाय कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतो, पण शिरल्याचं काही दिसायला हवं. वर सांगितलेल्यांपैकी काही सापडलं, तर आधी कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा, पडद्याचे फोटो काढा, आणि फोनच्या स्वतःच्या डेटावरून मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा. त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि बँकेला.

फॉरमॅटचा तुमच्या मुलाचा आग्रह मी आत्ता मान्य करणार नाही. लॅपटॉपमधला जुना पासवर्ड फॉरमॅटने जाणार नाही, ओळी पुन्हा सुरू होतील, आणि खरंच कोणी शिरलं असेल तर त्याच्या खुणा मात्र पुसल्या जातील. विंडोज सिक्युरिटीमधलं ऑफलाइन स्कॅन चालवा, साधारण पाव तास लागतो. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही मोफत आहेत. विकतच्या अँटिव्हायरसवर आत्ता पैसे घालू नका. पण एक बाब मुलाला नक्की सांगा. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. हा कॉम्प्युटर विंडोज ११ घेत असेल तर त्याने सुट्टीत येऊन ते काम करावं. घेत नसेल, तर निदान बँक आणि पाहुण्यांची कागदपत्रं त्यावर ठेवू नयेत. खर्च करायचाच तर तो इथे योग्य आहे.

आणि ती आधार कार्डं. रजिस्टरला लागतं ते वहीत उतरवून घेतलं की जुन्या प्रती कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं कशाला? ज्यांची गरज संपली त्या पुसा, रिसायकल बिनमधूनही. यापुढे पाहुण्यांकडून मास्क केलेलं आधार मागा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

क्रम असा ठेवा: आज मेल, उद्या लॅपटॉप बंद ठेवून परीक्षा, रविवारी पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलत बोलत राउटर. लॅपटॉप बंद असूनही ओळी येत राहिल्या, तर त्यातल्या चार-पाच उघडून फोटो काढा आणि मला पाठवा. फोटोत पाहुण्यांची नावं दिसत असतील तर ती झाकून पाठवा. वर्कस्टेशन नेम आणि सब स्टेटस या दोन ओळी मात्र स्पष्ट दिसू द्या.